जुन्या मोटारीचीं चाकें

जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य प्रथम तिचा रंग पाहतो, मग आंतील गाद्या पाहतो, आणि शेवटीं इंजिन सुरू करून कान देऊन ऐकतो. चाकांकडे त्याचें लक्ष गेलेंच तर तें शोभेची वस्तु म्हणून जातें. हीच चूक मींहि एकदां केली. ती निस्तरतांना जें शिकावयास मिळालें, तें आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडमध्यें वास्तव्य असतांना मी माझदाची एमएक्स-५ ही जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली. दोन माणसांची, उघड्या टपाची ही मोटार १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिच्या पहिल्या पिढीच्या पुष्कळ गाड्यांना सात आऱ्यांचीं, १४ इंची, मिश्रधातूचीं चाकें असत. माझ्या गाडीचीं चाकें मात्र डागाळलेलीं होतीं. कडा खरचटलेल्या, वरच्या लॅकरखालीं गांडुळाच्या वाटांसारख्या पांढुरक्या रेघा, आणि एका चाकांतील हवा दर आठवड्यास थोडी थोडी कमी होई. मला वाटलें, रंगाचे दोन हात दिले कीं झालें!

या चाकांसाठीं पोलाद सोडून मिश्रधातु कां वापरतात, हें आधीं पाहूं. गाडीचा बहुतेक भार स्प्रिंगांवर तोललेला असतो. परंतु चाकांचा भार स्प्रिंगांच्या खालीं असतो. चाक जितकें हलकें, तितकें तें रस्त्याच्या उंचसखलपणास लवकर अनुसरतें आणि टायर जमिनीस चिकटून राहतो. शर्यतीच्या गाडीस याचें मोल फार. १९२४ सालीं लिआँ येथील फ्रेंच ग्रां प्रीच्या शर्यतींत बुगाटीची टाइप ३५ ही गाडी उतरली, तेव्हां तिचीं चाकें ओतीव अॅल्युमिनियमचीं होतीं. आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम हीं सर्व एकाच ओतकामांत घेतलेलीं होतीं. आजच्या ओतीव चाकांच्या धातूंत बहुधा अॅल्युमिनियमबरोबर सुमारें सात टक्के सिलिकॉन आणि किंचित् मॅग्नेशियम असतें.

‘अॅल्युमिनियम गंजत नाहीं’ असें आपण घरोघरीं ऐकतों. तें अर्धेंच खरें आहे. हवेचा स्पर्श होतांच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचें कवच होतो. परंतु मिठांतील क्लोराइड हें कवच फोडतें. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यावर बर्फ धरूं नये म्हणून खडेमीठ पसरतात. तें चिखलाबरोबर चाकांवर उडतें, आणि जेथें लॅकरला बारीकशी चीर असेल तेथून आंत शिरून लॅकरखालीं धांवूं लागतें. मुंबईच्या किंवा कोंकणच्या खाऱ्या वाऱ्याचा अनुभव असलेल्यांस याचें नवल वाटणार नाहीं. त्यांत ब्रेकमधून उडालेली तप्त लोखंडी धूळ चाकाच्या पृष्ठांत रुतते आणि ओलाव्यानें गंजते. ती काढण्यासाठीं कोणी तीव्र आम्ल वापरतात. त्यानें धूळ जाते खरी, पण चाकहि खाल्लें जातें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. प्रथम टायर उतरवून चाक आंतूनबाहेरून स्वच्छ धुवावें. हवा जाण्याचें कारण पुष्कळदां येथेंच सांपडतें. टायरची कड जेथें चाकास टेकते, त्या जागीं पांढरी खपली धरलेली असते. ती हलक्या हातानें, धातूस खड्डा न पाडतां घासून काढावी. त्यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि घाईमुळें नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे चाकाची परीक्षा. तें फिरवून डायल गेजनें त्याचा वांकडेपणा मोजतात. मग तडे शोधण्यासाठीं त्यावर पातळ तांबडा द्रव लावतात, कांहीं मिनिटें थांबून तो पुसून घेतात आणि वरून पांढरी भुकटी फवारतात. तडा असल्यास आंत मुरलेला तांबडा द्रव भुकटींत उमटतो.

माझ्या चार चाकांपैकीं तीन निर्दोष निघालीं. चौथ्याच्या आंतल्या बाजूस, बाहेरून कधीं न दिसणाऱ्या जागीं, बोटाच्या पेराएवढी तांबडी रेघ उमटली. केव्हां तरी एखाद्या खड्ड्याचा तडाखा बसला असावा. “वेल्डिंग करून टाकूं, वरून रंग दिला कीं कळणारहि नाहीं,” असें मी कारागिराला म्हणालों. त्यानें नकारार्थी मान हलविली. तो म्हणाला, “कळणार नाहीं, हीच तर भीति आहे.”

त्याचें म्हणणें असें होतें. हीं चाकें ओतल्यावर सुमारें ५४० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून थंड करतात, आणि पुन्हां १५० ते १७० अंशांच्या आसपास कांहीं तास ठेवतात. धातूचें बळ या संस्कारांतून येतें. वेल्डिंगच्या उष्णतेनें सांध्याभोंवतींचा हा संस्कार पुसला जातो. शिवाय पोलादास एका मर्यादेच्या आंतील ताण कितीहि वेळां सोसतो. अॅल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नाहीं, आणि एकदां पडलेला तडा प्रत्येक फेऱ्याबरोबर वाढूं शकतो. माझ्या गाडीचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५५० वेळां फिरे. शंभर किलोमीटरांचा प्रवास म्हणजे पंचावन्न हजार फेरे! तें चाक मी मोडींत दिलें, आणि त्याच मापाचें दुसरें जुनें चाक मिळवून त्याचीहि तशीच परीक्षा करविली.

निर्दोष चाकांचा जुना रंग रसायनानें उतरवावा. वाळूच्या जोरदार माऱ्यानें पृष्ठ खडबडीत होतें. कडेचे उथळ ओरखडे कानशीनें आणि मग क्रमाक्रमानें बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरनें काढावे. २४० नंबरापासून ६०० पर्यंत जाणें पुरेसें होतें. घासतांना नाकातोंडास मास्क असावा. उघड्या अॅल्युमिनियमवर साधा रंग धरत नाहीं. म्हणून आधीं त्या धातूसाठींच केलेला प्रायमर द्यावा, मग रुपेरी रंग, आणि शेवटीं लॅकर. भुकटीचा रंग भट्टींत १८० ते २०० अंशांवर पक्का करतात. तो टिकाऊ असतो. परंतु ही उष्णता वर सांगितलेल्या संस्कारापेक्षां अधिक असल्यानें भट्टीची वेळ काटेकोर पाळावी लागते, आणि तेंच चाक वारंवार भाजणें इष्ट नव्हे. ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर कातून चकाकता केलेला असतो, तीं प्रत्येक कातणीबरोबर थोडी धातु गमावतात. म्हणून तोहि उपाय मोजक्याच वेळां करतां येतो.

दोन जागीं मात्र रंगाचा जाड थर कधींहि असूं नये: चाक हबला टेकतें ती बाजू, आणि नट बसतात त्या खांचा. तेथें रंग असेल तर तो दाबाखालीं चेपतो आणि आंवळलेले नट ढिले पडतात. नट समोरासमोरचे, आळीपाळीनें आंवळावे. माझ्या गाडीस ९० ते ११८ न्यूटनमीटर एवढाच जोर सांगितलेला होता, आणि तो मापाच्या पान्यानेंच द्यावा लागतो. साठसत्तर किलोमीटर चालविल्यावर ते पुन्हां तपासावे. चाकांचा तोल साधण्यासाठीं कडेवर ठोकावयाच्या शिशाच्या वा पोलादाच्या पट्ट्यांऐवजीं आंतून चिकटवावयाच्या पट्ट्या घ्याव्या, म्हणजे नव्या लॅकरला चीर पडत नाहीं.

श्रोतेहो, काम पुरें झालें तेव्हां चारी चाकें सारखींच लखलखत होतीं. मोडींत दिलेलें चाकहि रंगविलें असतें, तर तसेंच लखलखलें असतें. पाहणाऱ्यास कांहींच भेद कळला नसता. तेव्हां रंगविलेलीं सुंदर चाकें असलेली जुनी गाडी कोणी आपणांस दाखवूं लागला, तर तिची स्तुति अवश्य करा. पण पैसे मोजण्यापूर्वीं चाक उतरवून त्याची आंतली बाजू एकदां पाहून घ्या.