सर्व्हरची राखण

स्फोटके आणि संरक्षणसामग्री बनवणाऱ्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या कंपनीच्या संगणकयंत्रणेवर जानेवारी २०२३मध्ये हल्ला झाला, ब्लॅककॅट या खंडणीखोर टोळीने दोन टेराबाइट माहिती पळवल्याचा दावा केला आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. त्याआधी १४ जून २०२२ रोजी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी स्वतःचा मजकूर झळकवला होता. हल्ल्यांचे हेतू आणि मार्ग वेगवेगळे असले, तरी इंटरनेटला जोडलेल्या संगणकाची नित्याची देखभाल कोणी आणि कशी करायची, हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर उभा राहतो.

संकेतस्थळ ज्यावर साठवलेले असते आणि वाचकाने मागताच जो त्याची पाने पाठवतो, त्या संगणकाला वेब सर्व्हर म्हणतात. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे असतात, तेव्हा देखभालीचा मोठा भार सेवा देणारी कंपनी उचलते. परंतु संस्थेने अख्खे यंत्र स्वतःपुरते भाड्याने घेतले, म्हणजे डेडिकेटेड सर्व्हर घेतला आणि देखभालीचा वेगळा करार केला नाही, तर जागा, वीज व यंत्राचे सुटे भाग यांपलीकडची जवळजवळ सर्व जबाबदारी तिच्यावरच येते.

या जबाबदारीतील पहिले काम सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे असते. कॉन्फ्लुअन्स या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष अ‍ॅटलासियन कंपनीने २ जून २०२२ रोजी जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीही दिली; तरीही त्याच महिन्यात भारतीय संकेतस्थळांविरुद्ध मोहीम चालवणारा ड्रॅगनफोर्स मलेशिया हा गट तोच दोष वापरत असल्याचे सुरक्षातज्ज्ञांना आढळले. दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोष कोठे आहे हेही जगाला कळते, त्यामुळे ती बसवण्यात गेलेला प्रत्येक दिवस हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो.

दुसरे काम प्रवेशाच्या वाटा मोजक्या ठेवण्याचे आहे. सर्व्हरवरील प्रत्येक सेवा ‘पोर्ट’ नावाच्या क्रमांकित वाटेने चालते. संकेतस्थळासाठी ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट बहुधा पुरतात, म्हणून डेटाबेससारख्या अंतर्गत सेवांचे पोर्ट फायरवॉलने, म्हणजे ये-जा गाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, बाहेरच्यांसाठी बंद करावेत. लिनक्स सर्व्हरवर दुरून काम करण्यासाठी वापरली जाणारी एसएसएच सेवा सामान्यतः २२ क्रमांकाच्या पोर्टवर असते आणि तेथे स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र पासवर्ड आजमावत असतात. त्यामुळे पासवर्डऐवजी सांकेतिक किल्लीची जोडी वापरणे आणि सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ खात्याचा थेट प्रवेश रोखणे हिताचे ठरते.

तिसरे काम नोंदींचे आहे. कोण, केव्हा आणि कोठून आले याची नोंद सर्व्हर ‘लॉग’ फाइलींत ठेवतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपणे, सर्व्हरचे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळते ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. घुसखोर स्वतःच्या खुणा पुसू शकतो, म्हणून लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावरही ठेवणे शहाणपणाचे असते.

एवढे करूनही हल्ला यशस्वी होऊ शकतो आणि तेव्हा बॅकअपच कामी येतो. मात्र तो त्याच सर्व्हरला जोडलेला असेल तर खंडणीखोर सॉफ्टवेअर त्यालाही कुलूप लावते, आणि त्यावरून माहिती पूर्ववत करून कधी पाहिलीच नसेल तर ऐनवेळी तो निरुपयोगी निघण्याची शक्यता राहते.

या कामांना महागड्या उपकरणांपेक्षा नेमून दिलेल्या माणसाची गरज अधिक असते. संकेतस्थळ उभारून देणारा ठेकेदार बिल घेऊन गेला आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला, तरी त्यांची खाती चालूच राहतात, अशी स्थिती छोट्या संस्थांत सहज निर्माण होते. म्हणून सर्व्हर घेतानाच त्याच्या देखभालीचा अधिकारी लेखी ठरवणे आणि जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करणे, हा संस्थेच्या कारभाराचाच भाग मानला पाहिजे.