रसद, रण आणि तांडा : पोहरादेवीच्या निमित्ताने एक मागोवा

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून बंजारा समाज या क्षेत्राला आपली काशी मानतो. परंपरेने महाराजांचा काळ 1739 ते 1806 असा सांगितला जातो, आणि पानिपत, टिपूविरुद्धच्या मोहिमा व दुसरे इंग्रज-मराठा युद्ध याच काळात घडले. या युद्धांची वर्णने सेनापती आणि तोफखाना यांभोवती फिरतात. मात्र माणूस युद्धात कसा वागतो हे जाणण्यासाठी तांड्याकडे, म्हणजे नाईकाच्या हुकमतीखाली बैलांवर धान्याच्या गोण्या लादून चालणाऱ्या बंजारा कुटुंबांच्या समूहाकडे, पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

पानिपतावर मराठा सेनापती भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली, ती पुरवू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले, आणि 14 जानेवारी 1761 रोजी शौर्यात कुठेही उणी नसलेली फौज उपाशीपोटी रणात उतरली. 1791 मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टण या राजधानीपर्यंत पोहोचलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसलाही, ओढायला बैल न उरल्याने, आपल्याच जड तोफा नष्ट करून माघारी वळावे लागले.

फौजांची ही रसद वाहणाऱ्या तांड्याचे सामर्थ्य त्याच्या संथपणात होते. बैल वाटेतल्या रानात चरत, म्हणून वाहतूक स्वस्त पडे. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने चौदा हजार बैलांचा धान्याचा तांडा पाहिल्याचे नोंदवले आहे. बायकामुले बरोबर असत, आणि मुक्कामी उतरवलेल्या गोण्या एकावर एक रचून त्यांचाच आडोसा केला जाई. दाम देणाऱ्या कोणत्याही पक्षाला तांडा धान्य विकी, तरी एकमेकांच्या जिवावर उठलेले पक्ष सहसा त्याला हात लावीत नसत. हा संयम दयेतून आलेला नव्हता. आज लुटलेला तांडा उद्या आपल्या छावणीत दाणा आणणार नाही, हे प्रत्येक सरदार जाणून होता. रयतेला असे कोणतेच कवच नव्हते. वैरण गोळा करायला निघालेली तुकडी, जिला ‘कही’ म्हणत, शेतकऱ्याची उभी पिके कापून नेई. 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे सैन्य असईच्या लढाईनंतर वऱ्हाडात अडगाव व गाविलगड येथे लढले, तेव्हा त्याची भिस्त याच तांड्यांवर होती, आणि 1803-04 मध्ये दख्खनमधील रयत दुष्काळाने होरपळत होती. धान्य शस्त्राकडे आधी वळते, हे त्या वर्षांनी फार कठोरपणे दाखवले.

1818 नंतर दख्खनमधील मोठ्या मोहिमा थांबल्या, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तांड्यांचा धंदा बसला. रानवाटांच्या ज्या माहितीसाठी फौजा बंजाऱ्यांना जवळ करीत, तीच माहिती आता संशयास्पद ठरली; 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली आणि पुढे बंजाऱ्यांचे काही गटही तिच्यात ओढले गेले. हा अन्याय 1952 पर्यंत कायद्याच्या नावाने चालला. महाराष्ट्रात बंजारा समाजाची नोंद आजही विमुक्त जातींमध्ये होते.