रव्याचा केक, घरच्या चुलीवर

तिवश्यातल्या एका घरी नातीचा वाढदिवस होता. नात म्हणाली, "आजी, मला केक पाहिजे."

आजी म्हणाली, "बापा! त्याले भट्टी लागते. आपल्या घरी कुठं आहे भट्टी?"

भट्टी नसली तरी केक होतो. आपण वऱ्हाडातली माणसं रोडगे भाजतो की नाही? गोवऱ्यांच्या आरात रोडगा पुरला, की त्याला खालून, वरून, सगळीकडून आच लागते. म्हणून तो आतपर्यंत शिजतो. केकलाही तेच हवं. नुसती खालून आच दिली, तर बूड करपतं आणि वरचा भाग कच्चा राहतो.

रशिया देशात रव्याचा केक घरोघरी करतात. रव्याला तिकडे 'मान्का' म्हणतात आणि या केकला 'मान्निक'. त्यात ते केफिर घालतात. केफिर म्हणजे आंबवलेलं दूध, आपल्या दाट ताकासारखं. अंडीही घालतात. पण उपासाच्या दिवसांत तिथले लोक अंडी आणि दूध सोडूनही मान्निक करतात. तेव्हा अंड्यावाचून अडत नाही.

दोन वाट्या बारीक रवा घ्या. त्यात एक वाटी आंबट दही, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि अर्धी वाटी तेल घाला. चिमूटभर मीठ टाका. नीट कालवा आणि एक तास झाकून ठेवा. घाई करू नका, बरं का. मी पहिल्या वेळी रवा भिजू दिला नाही. केक दाताखाली वाळूसारखा कचकचला!

तासाभरानं अर्धी वाटी कणीक मिसळा. अगदी शेवटी एक लहान सपाट चमचा खाण्याचा सोडा घाला. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले, की वायूचे बुडबुडे उठतात. त्यांनीच केक फुगतो. म्हणून सोडा घातल्यावर पीठ तसंच ठेवू नका.

सोडा दोन तऱ्हेचा मिळतो. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड, घसा भाजतो. दोन्ही पांढरे, नुसतं पाहून ओळखू येत नाहीत. पुडीवर 'खाण्याचा सोडा' लिहिलं आहे ना, ते स्वतः वाचा. नाव नसलेली पुडी घेऊच नका.

आता मोठ्या गंजात दोन बोटं वाळू घाला आणि चुलीवर तापू द्या. एका डब्याला आतून तेल लावा. त्यात पीठ ओता. डबा अर्धाच भरावा. तो वाळूवर ठेवा. गंजावर लोखंडी झाकण ठेवा आणि झाकणावर थोडे निखारे पसरा. चुलीत जाळ मंदच असू द्या. पाऊण तासानं केकात काडी खुपसून पाहा. काडी कोरडी निघाली, की झाला. ओली निघाली, तर आणखी थोडा वेळ ठेवा. थंड झाल्यावरच कापा. गरम कापला तर भुगा होतो.

त्या आजीनं निखारे जरा जास्तच ठेवले होते. केक वरून काळा पडला. तिनं काळा भाग सुरीनं खरवडून काढला आणि वर पिठीसाखर भुरभुरली. पाहुण्यांना काही कळलं नाही.