दिवाळीच्या दिवसांत घरच्या मुक्या सोबत्यांची काळजी

दिवाळीचा पहिला दिवस वसुबारसेचा. त्या दिवशी आपण गाय-वासराची पूजा करतो, गाईच्या पायावर पाणी घालतो, तिला गोडाचा घास देतो. म्हणजे सणाचा आरंभच एका मुक्या जनावरापासून होतो. पुढे मात्र फराळ, पाहुणे आणि खरेदी यांच्या गर्दीत घरच्या जनावरांची आठवण कोणास फारशी राहत नाही, आणि नेमके याच दिवसांत त्यांचे अतिशय हाल होतात.

बडोद्यास राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी ही आपत्ती दुहेरी असते. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नान आटोपून पहाटे फटाका लावण्याची चाल आपली, तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरापर्यंत आणि पुढे थेट देवदिवाळीपर्यंत अधूनमधून बार उडविण्याची हौस शेजारच्या गुजराती मंडळींची. (आता मुले एकमेकांत इतकी मिसळली आहेत की कोणती हौस कोणाची हे सांगणे कठीण!) सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाच्या फटाक्यांस मनाई केली आणि २०१८ साली दिवाळीस रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली. हे कितपत पाळले जाते ते वाचक जाणतातच.

माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्यास सुमारे ४५,००० पर्यंतचा आणि मांजरास त्याहूनही वरचा ऐकू येतो. शिवाय मंद आवाजही त्यांस आपल्यापेक्षा दुरून कळतो. बाँब वाजणार हे आपणांस आधी ठाऊक असते आणि तो कशासाठी हेही समजते. जनावरास यांपैकी काहीच ठाऊक नसते. ते थरथरते, धापा टाकते, लाळ गाळते, पलंगाखाली दडते. त्यास भित्रे म्हणून हसणे बरे नव्हे. अशा वेळी जवळ घेऊन थोपटले तर भीतीची सवय लागते, असे पूर्वी सांगत. ते खरे नाही. खुशाल जवळ घ्यावे. मात्र ते दडून बसले असेल तर ओढून बाहेर काढू नये.

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. फार वर्षांपूर्वी बेसत्या वर्षाच्या सकाळी ‘साल मुबारक’ म्हणण्यास येणाऱ्यांसाठी पुढचे दार उघडे होते. कोपऱ्यावर कोणी लड लावली, आणि मोती पलंगाखालून निघाला तो पाहुण्यांच्या पायांतून थेट रस्त्यावर. सणाचे म्हणून त्यास त्याच सकाळी आंघोळ घातली होती आणि गळ्यातला पट्टा गच्चीवर वाळत होता. तीन दिवस मांजलपूरपासून फतेगंजपर्यंत हिंडलो. मोती मिळाला नाही.

म्हणून पहिली गोष्ट पट्ट्याची. त्यावर मोबाईलचा नंबर ठसठशीत लिहावा आणि धनत्रयोदशीपासून तो क्षणभरही काढू नये. कुत्र्यास दिवस मावळण्यापूर्वी, साखळी हातात धरूनच, फिरवून आणावे व लवकर खाऊ घालावे. मग आतल्या खोलीत खिडक्या लावून, पडदे ओढून, पंखा व रेडिओ चालू ठेवून त्याचे अंथरूण मांडावे. अंगणात साखळीने बांधून ठेवणे सर्वांत वाईट; घाबरून ओढाताण करताना गळफास बसतो. पाहुण्यांची वर्दळ असेल तेव्हा त्या खोलीस कडी घालावी. ज्यांस सवड आहे त्यांनी नवरात्रापूर्वीपासूनच फटाक्यांचा मुद्रित आवाज अगदी बारीक लावून सोबत आवडता खाऊ द्यावा, आणि जनावर निवांत आहे असे पाहून तो हळूहळू वाढवावा. याने पुष्कळ कुत्री निवळतात. फारच भिणाऱ्यास औषध लागते, पण ते जनावरांच्या डॉक्टरांनीच द्यावयाचे. नुसत्या गुंगीच्या गोळीने शरीर शिथिल पडते, आतली भीती तशीच राहते. घरातली गोळी तर कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर दगावते.

दुसरा धोका बैठकीतल्या टीपॉयवर असतो. पाहुण्यांसाठी मांडलेल्या सुक्या मेव्यातील बेदाणे व मनुका कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कितीने बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेटमधले थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि चॉकलेट जितके काळे तितके घातक. चिवड्यातला तळलेला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नासवतो. यांपैकी काही पोटात गेल्याचे कळताच, उलटी होण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. सकाळी अंगणात उरलेले फटाक्यांचे अवशेषही लगेच झाडून टाकावेत. त्यांतील क्षार चाटण्यात आले तर विषबाधा होते.

वसुबारसेच्या घासाविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपण एकच पुरणपोळी देतो, पण त्याच गाईस चाळीस घरे चाळीस घास देतात. गाईचे कोठीपोट चाऱ्यासाठी असते. त्यात गूळ, धान्य, पोळ्या यांचा ढीग पडला की आंबून आम्ल वाढते, चारा सुटतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास गाय मरते. एक लहानसा घास आणि हिरव्या चाऱ्याची पेंढी, एवढे पुरे. उरलेला फराळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकला तर तीच गाय पिशवीसकट खाते. जखमी वा आजारी जनावर दिसल्यास गुजरातेत १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास पशुरुग्णवाहिका येते.

लाभपंचमीपर्यंत बाजार बंद म्हणून पुष्कळ कुटुंबे याच दिवसांत बाहेरगावी जातात. कुत्र्यास ओळखीच्या घरी ठेवावे, पण आधी एक-दोनदा तेथे नेऊन आणावे. मांजर परक्या घरी रमत नाही. त्यास आपल्याच घरी राहू द्यावे व कोणी दोन वेळा येऊन पाहून जाईल अशी सोय करावी. किल्लीबरोबर खाण्याच्या वेळा व डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून द्यावा. आणि कुलूप लावण्यापूर्वी मांजर एखाद्या कपाटात तर बसले नाही ना, ते उघडून पाहावे.