घरच्या भेंड्या आणि शब्दकोश

पहिलीत नव्याने आलेले मूल ‘पोट्टा’, ‘झील’ किंवा ‘आंडोर’ असा शब्द उच्चारते आणि शिक्षक तत्काळ म्हणतात, ‘अशुद्ध! मुलगा म्हण.’ असे दोनचार वेळा घडले, की ते मूल वर्गात बोलेनासे होते. शुद्ध शब्द शिकविणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु घरचा शब्द चुकीचा ठरविण्याचे कारण नाही. पहिला शब्द विदर्भातील, दुसरा मालवणी मुलखातील, तर तिसरा खानदेशातील अहिराणीचा. ते निराळे आहेत, अशुद्ध नव्हेत.

शब्दाला कोशात स्थान मिळते, ते कोणाच्या हुकुमाने नव्हे. पुष्कळ माणसे तो वापरतात, एकाच अर्थाने वापरतात आणि दीर्घकाळ वापरीत राहतात, हे दिसून आले म्हणजे कोशकार त्याची नोंद करतो. पगार, चावी, बटाटा, पाव हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आले आणि लोकांच्या तोंडी रुळून मराठी झाले. आज त्यांना परके कोण म्हणेल? उलट, चार दिवस गाजून विरून जाणारा शब्द कोशाबाहेरच राहतो.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. पुढे दाते आणि कर्वे यांनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्यात अनेक शब्दांपुढे (व.), (ना.), (गो.) अशा खुणा आढळतात, म्हणजे वऱ्हाडी, नागपुरी, गोमंतकी. कोशकारांनी बोलीतला शब्द हाकलून दिला नाही. त्याचे गाव सांगून त्याला पंक्तीस बसविले.

हीच दृष्टी मुलांना खेळातून देता येते. शब्दांच्या भेंड्या घरी रात्री जेवणानंतर खेळता येतात. पाटी-पेन्सिलही लागत नाही. एकाने ‘सुतार’ म्हणावे, दुसऱ्याने ‘र’ वरून ‘रताळे’ म्हणावे. येथे अडचण येते; कारण ‘ळ’ ने किंवा ‘ण’ ने सुरू होणारा शब्द मराठीत सहसा सापडत नाही. म्हणून ‘ळ’ च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ घ्यावा, असा नियम आधीच ठरवावा. मग ‘लगोरी’ म्हणून खेळ पुढे चालतो.

कोणी ‘प’ वरून ‘पोट्टा’ म्हटले आणि भावंडाने हरकत घेतली, तर तो वाद मोडून काढू नये. तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द घरात आणखी कोण वापरते? त्याचा अर्थ सर्वांना एकच वाटतो का? आजीच्या लहानपणी तो होता का? तिन्ही उत्तरे अनुकूल आली, तर शब्द ग्राह्य धरावा. कोशकाराची कसोटी याहून फार वेगळी नाही.

असे शब्द मुलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत आणावेत. शिक्षकांनी फळ्यावर डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातील शब्द लिहावा आणि आठवड्याअखेर त्यांची वही करावी. मूल प्रमाण शब्द आपोआप शिकेल. आणि आपल्या आईच्या भाषेची लाज न बाळगता शिकेल. वर्गात गप्प बसलेले मूल पुन्हा बोलू लागले, तर या खेळाचे सार्थक झाले असे समजावे.