खिडक्यांचं कोटेशन कसं वाचाल?

अमेरिकेतल्या जुन्या घराच्या खिडक्या बदलायला काढल्या की तीन कॉन्ट्रॅक्टर तीन वेगळ्या किमती सांगतात. "हीटिंगचं बिल निम्म्यावर येईल" हे पालुपद मात्र बऱ्याचदा सारखंच असतं. २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशाच निराधार दाव्यांबद्दल पाच कंपन्यांवर कारवाई केली होती. हा दावा तुम्हाला घरबसल्या तपासता येतो.

त्यासाठी प्रत्येक कोटेशनवर 'यू-फॅक्टर' लिहून मागा. आत-बाहेरच्या तापमानात एक अंश फॅरनहाइटचा फरक असताना एक चौरस फूट खिडकीतून तासाला किती बीटीयू उष्णता निसटते, ते हा आकडा सांगतो. तो जितका कमी, तितकी खिडकी चांगली. एकेरी काचेचा साधारण १, साध्या दुहेरी काचेचा ०.५. दोन काचांमध्ये आर्गॉन वायू आणि काचेवर लो-ई लेप असेल तर ०.२८ च्या आसपास. लो-ई म्हणजे अतिशय पातळ थर, जो खोलीतली अवरक्त उष्णता परत आत पाठवतो. आर्गॉनमधून उष्णता हवेपेक्षा सावकाश वाहते. आकडा एनएफआरसीच्या लेबलवरचा, म्हणजे चौकटीसकट पूर्ण खिडकीचा हवा. नुसत्या काचेच्या मध्यभागाचा नको.

आता ढोबळ गणित करू. समजा, १५ खिडक्या मिळून २०० चौरस फूट आहेत. रोजचं सरासरी तापमान ६५ अंशांच्या जितकं खाली, त्या अंशांची वर्षभराची बेरीज म्हणजे 'हीटिंग डिग्री-डे'. न्यू जर्सीत ती ५,००० च्या आसपास भरते. साधी दुहेरी काच काढून लो-ई बसवली, तर यू-फॅक्टर ०.२२ ने कमी होतो:

०.२२ × २०० × ५,००० × २४ तास = ५२.८ लाख बीटीयू.

एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. फर्नेसची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सुमारे ५९ थर्म गॅस वाचेल. थर्मला दीड डॉलर धरले, तर वर्षाला ८८ डॉलर. काम १५,००० डॉलरचं असेल, तर पैसे वसूल व्हायला १७० वर्षं! एकेरी काच असती तरी ५० वर्षं लागतील. तुमच्या गावचे आकडे घालून पाहा.

म्हणजे खिडक्या बदलूच नयेत का? तसं नाही. चौकट कुजली असेल, रस्त्याचा आवाज येत असेल, खिडकीशेजारी बसवत नसेल, तर जरूर बदला. पण दोन काचांमध्ये नुसतं धुकं साचलं असेल, तर बऱ्याचदा फक्त काचेचा संच बदलून भागतं. फटीतून वारा येत असेल, तर आधी फटी बुजवून पाहा.

सही करण्यापूर्वी कोटेशनमध्ये एवढं पाहा:

- जुनी चौकट ठेवणार (इन्सर्ट) की काढणार (फुल-फ्रेम)? हे एकसारखं नसेल, तर किमतींची तुलनाच चुकते.
- आत कुजलेलं लाकूड निघालं तर जादा दर किती?
- घर १९७८ पूर्वीचं असेल, तर रंगात शिसं असू शकतं. कंपनीकडे ईपीएचं लेड-सेफ प्रमाणपत्र आहे का?

"आजच सही केलीत तर सूट" असं कोणी म्हणालं, तर घाई करू नका. सही झालीच, तरी घरी बसून केलेले बहुतेक करार तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतात.