चिमुकल्या मेंदूचा डॉक्टर घडतो कसा?

पाच-सहा महिन्यांचे बाळ झोपेतून उठते आणि एकाएकी मान पुढे झुकवून दोन्ही हात पसरते. क्षणात पूर्ववत होते. काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे दहा-वीस वेळा. आजी म्हणते, ‘पोटात कळ येत असेल.’ शेजारीण सांगते, ‘दात येताहेत, दृष्ट काढा.’ ग्राइप वॉटर पाजले जाते आणि आठवडे निघून जातात. पण ही कळ नसून मेंदूतून येणारी आकडीही असू शकते.

हा आजार १८४१ साली विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून जगापुढे मांडला. रुग्ण त्याचाच तान्हा मुलगा होता. बाळ जणू वाकून सलाम करते आहे असे दिसते, म्हणून या झटक्यांना ‘सलाम आकडी’ असेही म्हटले गेले. वेस्टच्या हाती तेव्हा उपाय नव्हता. आज ए.सी.टी.एच.ची इंजेक्शने, स्टेरॉइड आणि व्हिगाबॅट्रिन ही औषधे आहेत. उपचार लवकर सुरू झाले, तर बाळाचा बौद्धिक विकास सावरण्याची शक्यता वाढते. म्हणजे प्रश्न औषधाचा कमी आणि वेळेवर ओळखणाऱ्या डॉक्टरचा जास्त आहे.

वेगळ्या तज्ज्ञाची गरज का?

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात मेंदूचे वजन दुपटीहून अधिक होते. आज जे सामान्य, तेच सहा महिन्यांनी काळजीचे ठरू शकते. नवजात बाळ आवाजाने दचकून हात फेकते, हे चांगले लक्षण. सहा महिन्यांनंतरही तसेच चालू राहिले, तर तपासणी हवी. वर्षाच्या आतले मूल फक्त उजव्याच हाताने खेळणे धरू लागले की घरचे कौतुक करतात. डॉक्टरला मात्र डावा हात अशक्त तर नाही ना, अशी शंका यायला हवी. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख म्हणजेच ई.ई.जी. नवजात बाळाचा वेगळा, दोन वर्षांच्या मुलाचा वेगळा आणि मोठ्या माणसाचा आणखी वेगळा असतो.

लांबलचक वाट

भारतात या वाटेची सुरुवात इतर डॉक्टरांप्रमाणेच होते. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., मग तीन वर्षे बालरोगशास्त्रात एम.डी. आणि त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन बाल-मेंदूविकारात तीन वर्षांचा डी.एम. एकूण साडेअकरा वर्षे. प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जाणारी वर्षे वेगळीच. तिशी उलटते, बरोबरीचे मित्र संसारात स्थिरावतात, तेव्हा हा डॉक्टर अजून रात्रपाळी करत असतो.

पूर्वी ज्या बालरोगतज्ज्ञाला मेंदूविकारांची ओढ असे, तो मोठ्यांच्या न्यूरॉलॉजीचा डी.एम. करी किंवा परदेशी जाई. दिल्लीच्या ‘एम्स’सारख्या संस्थांत स्वतंत्र डी.एम. सुरू झाला तो २००० सालानंतर. अमेरिकेत रीत निराळी आहे. तिथे पदवीनंतर सरळ याच शाखेत प्रवेश घेता येतो आणि साधारण पाच वर्षांत दोन वर्षे बालरोग, तीन वर्षे मेंदूविकार असे शिक्षण होते. त्यात मोठ्यांच्या वॉर्डातले एक वर्षही धरलेले असते.

वॉर्डातले धडे

निवासी डॉक्टरचे खरे शिक्षण वॉर्डात होते. मूल ‘कुठे दुखते’ हे सांगत नाही, म्हणून आधी बघायला शिकावे लागते. मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येते का? मुलग्यांमध्ये असे दिसले, तर ड्यूशेन नावाच्या स्नायूंच्या आजाराची शंका घेतात. आईच्या मांडीवर खेळू देत तपासायचे, हातोडी आणि डोळ्यांतला उजेड शेवटी ठेवायचा, नाहीतर मूल रडू लागते आणि तपासणी तिथेच संपते.

रात्री आकडी आलेले मूल दाखल झाले, तर हाताशी वेळ थोडा असतो. पाच मिनिटांहून जास्त चालणारी आकडी आपोआप थांबेल, असे धरून चालत नाही. श्वास, रक्तातली साखर, औषधाचा वजनानुसार डोस हे सारे एकाच वेळी सांभाळायचे असते. पाठीतले पाणी कधी तपासायचे, एम.आर.आय. केव्हा हवा आणि केव्हा नको, हे अनुभवाने कळते. सर्वांत अवघड धडा म्हणजे आईवडिलांशी बोलणे. ‘आमचे बाळ चालेल ना?’ या प्रश्नाला खोटी आशा न दाखवता, पण धीरही न खचवता उत्तर द्यायचे असते.

प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला हवेत हे धडे

असे तज्ज्ञ थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी बाळाला प्रथम बघणारा डॉक्टर साधा बालरोगतज्ज्ञच असतो. म्हणून एम.डी.च्या तीन वर्षांतच प्रत्येक निवासी डॉक्टरने सलाम आकडी डोळ्यांनी पाहिलेली, ई.ई.जी. केव्हा मागवायचा हे शिकलेला असला पाहिजे. २०२१ पासून प्रवेश घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले आहे. ही ओळख तिथे खरी उपयोगी पडेल.

पालकांनी काय करावे?

• बाळाच्या विचित्र हालचाली वारंवार दिसल्या, तर मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरला दाखवा. निदानात त्याची मोठी मदत होते.

• आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका; कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठा.

• सहा महिने ते पाच वर्षे वयात तापाबरोबर येणारी थोड्या वेळाची आकडी बहुधा मेंदूला इजा करत नाही. तरीही पहिल्या वेळी मुलाला डॉक्टरांकडे न्याच.

• मूल शिकलेली गोष्ट विसरू लागले, म्हणजे बसणारे मूल बसेनासे झाले, हसणारे हसेनासे झाले, तर एक दिवसही थांबू नका.

• २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. विकासात मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते. आपल्या जिल्ह्यातले केंद्र कुठे आहे, हे सरकारी रुग्णालयात विचारून ठेवा.

डॉक्टर घडायला साडेअकरा वर्षे लागतात. बाळाच्या हातात तेवढा वेळ नसतो. म्हणून शंका आली की दृष्ट नंतर काढा, आधी दवाखान्यात जा.